मांगरातलं विमान: एस.ई.५ए ची ८५ टक्के आकाराची प्रतिकृती (माशेल, गोवा)

मांगरवाला | २४ मे, रात्री ९:४०

मंडळी, पावसाला आता दहा-बारा दिवस राहिलेत. मांगराची, म्हणजे घरामागच्या शेडची, कौलं परतून झाली, चारही पंख आतल्या खोलीत नेऊन ठेवले, तेव्हा कुठे लिहायला सवड मिळाली. दुसऱ्या धाग्यावर काहींनी विचारलं होतं, म्हणून हा वेगळा धागा.

गेली तीन वर्षं मी घरामागच्या मांगरात पहिल्या महायुद्धातलं एक दुपंखी लढाऊ विमान बांधतोय. एस.ई.५ए. मूळ विमान इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचं. पहिला नमुना २२ नोव्हेंबर १९१६ ला उडाला आणि पुढे अशी ५,००० हून जास्त विमानं बनली. लाकडी सांगाडा, वर कापड, आणि सगळं एकत्र धरून ठेवणाऱ्या तारा. मूळ पंखविस्तार ८.११ मीटर, माझा ६.९. मूळ इंजिन २०० अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं, आठ सिलिंडरचं. माझ्याकडे कॉन्टिनेंटल ओ-२०० आहे, १०० अश्वशक्ती, हवेने थंड होणारं. सेसना १५० या शिकाऊ विमानात हेच असतं. समोरचा चौकोनी रेडिएटर फक्त दिसायला ठेवलाय. त्याच्या जाळीतून हवा आत जाते आणि सिलिंडर थंड करते.

हेच विमान का, याचं उत्तर माझ्या मामांच्या तिकिटांच्या वहीत आहे. टपाल खात्याने १९९८ साली इंद्रलाल रॉय यांचं तिकीट काढलं होतं. कोलकात्यात जन्मलेला मुलगा, १९१८ च्या जुलैत ४० नंबरच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए उडवत तेरा दिवसांत दहा विजय मिळवतो आणि २२ जुलैला एकोणिसाव्या वर्षी पडतो. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी त्यांचे भाचे. त्या वयात मी शाळेच्या बाकावर विमानांची चित्रं काढत होतो. ते तिकीट बघितल्यापासून हे विमान डोक्यातून गेलं नाही.

आता मुद्द्याचं. नकाशे कॅनडातल्या एका जुन्या संचाचे आहेत आणि ते उत्तम आहेत. पण ते कोरड्या हवेच्या माणसांनी काढलेत. गोव्यात हे विमान बांधताना खरी झुंज दमट हवेशी आहे.

पहिल्या पावसाळ्यात मी जुलैमध्ये पंखांना आकार देणाऱ्या लाकडी फासळ्या चिकटवत बसलो. बाहेर काही करता येत नाही, तर हे काम उरकू, असा विचार होता. फेब्रुवारीत कोरडे वारे सुटले आणि मार्चपर्यंत अकरा फासळ्यांच्या सांध्यांना केसासारख्या भेगा गेल्या. कारण साधं आहे, पण मला ते तेव्हा सुचलं नाही. जुलैत लाकडात १६-१७ टक्के ओल होती. मार्चमध्ये ती ११-१२ वर आली. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, वर चिकटवलेला प्लायवुडचा तुकडा आकसत नाही, आणि सगळा ताण डिंकाच्या रेघेवर येतो. अकराही फासळ्या मोडून टाकल्या. एकेक बनवायला दोन संध्याकाळ गेल्या होत्या.

तेव्हापासून नियम केलाय. त्याच फळीचा ५० ग्रॅमचा तुकडा कापायचा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा. ४३ ग्रॅम भरला तर सात भागिले त्रेचाळीस, म्हणजे १६ टक्के, म्हणजे आज चिकटवायचं नाही. १२ च्या खाली आला तरच डिंक कालवायचा. मांगराच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या कागदाची खोली केली, त्यात ओल शोषणारं यंत्र आणि दोन पिवळे बल्ब. पावसाळाभर आतली आर्द्रता साठच्या आसपास राहते. बाहेर नव्वद. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीपेक्षा मी त्या खोलीतल्या काट्याकडे जास्त वेळा बघत होतो, असं बायको म्हणते.

आजची स्थिती: सांगाडा तयार, शेपूट तयार, पंखांच्या आतल्या तारा ताणून झाल्या, कापड चढवायचं बाकी. विचारा काय विचारायचं ते.

सातेरी | २४ मे, रात्री १०:२२

वाचतेय! केवढं काम आहे हे. एक शंका: ८५ टक्केच का? मांगर लहान पडला म्हणून की आणखी काही?

मांगरवाला | २४ मे, रात्री १०:५०

सातेरीताई, मांगराचं दारही कारण आहेच, पण खरं कारण इंजिन. लांबी ०.८५ पट केली की पंखाचं क्षेत्रफळ ०.७२ पट होतं आणि घनफळ ०.६१ पट. वजन साधारण घनफळामागे धावतं. मूळ विमान भरलेल्या अवस्थेत ९०० किलोच्या आसपास होतं, माझं ५०० वर बसवायचंय. त्याला १०० अश्वशक्ती पुरते, आणि असं इंजिन विकत मिळतं, त्याचे सुटे भाग मिळतात, ते उघडणारे हात आपल्याकडे आहेत. मूळ हिस्पानो-सुइझा इंजिन आज कुठून आणणार?

वैमानिक मात्र ८५ टक्के करता येत नाही. बैठक बनवताना खांद्यांपाशी चार सेंटिमीटरसाठी आठवडा घालवलाय.

कृष्णाकाठ | २५ मे, सकाळी ७:१५

फार सुंदर. पण मला नेहमी वाटतं, दुपंखी बांधायचं तर सॉपविथ कॅमल बांधावं. ते फिरणारं इंजिन, तो आवाज. एस.ई.५ए समोरून पेटीसारखं दिसतं.

मांगरवाला | २५ मे, सकाळी ८:०५

कृष्णाकाठ, कॅमलचं रूप मलाही आवडतं. पण त्या इंजिनाचा स्वभाव ऐका. दांडा विमानाला पक्का बसवलेला, आणि सिलिंडरांचा अख्खा घोळका पंख्याबरोबर गरागरा फिरणारा. एवढं वजन फिरलं की ते मोठ्या भोवऱ्यासारखं वागतं. उजवीकडे वळलं की नाक खाली ओढतं, डावीकडे वळलं की वर उचलतं. लढाईत उजवं वळण झटक्यात घेता यायचं, तो फायदा. पण शिकाऊ मुलं त्यातच गेली. त्यात वंगण एरंडेलाचं, कारण ते पेट्रोलमध्ये मिसळत नाही. आणि ते एकदाच वापरायचं, जळकं तेल वैमानिकाच्या तोंडावर. एस.ई.५ए चं इंजिन जागेवर स्थिर होतं, विमान शांत होतं. मला पहिलं उड्डाण करायचंय आणि उतरायचंही आहे.

दिगंत | २५ मे, सकाळी ११:३०

इंद्रलाल रॉय यांचं वाचून बरं वाटलं. त्याच काळातल्या आपल्या मुंबईच्या माणसाचीही आठवण इथे नोंदवतो: श्रीकृष्ण वेलिंकर. २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचे, जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये गेले. हरदित सिंग मलिक कॅमलवर होते. पायात गोळ्यांचे तुकडे घेऊन ते आयुष्यभर जगले आणि पुढे फ्रान्समध्ये आपले राजदूत झाले. चौथे एरॉल सेन, ते युद्धकैदी झाले. चौघांचीही नावं शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाहीत.

तुमच्या विमानावर वेलिंकरांचं नाव कुठेतरी लिहाल का? बाहेर नको, आत, वैमानिकाला दिसेल असं.

मांगरवाला | २५ मे, दुपारी १:१०

दिगंत, लिहीन. चौघांचीही. उपकरणांच्या फळीच्या आतल्या बाजूला, कोरून. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, आजच सांगतो.

लाकूडवेडा | २५ मे, रात्री ९:००

लाकूड कुठलं वापरलंत? गोव्यात सागवान आहे, फणस आहे, मग परदेशी लाकूड का आणायचं?

मांगरवाला | २५ मे, रात्री १०:३५

हा प्रश्न आमच्या मेस्तांनी पहिल्या दिवशी विचारला होता. त्यांच्या तीन पिढ्यांनी देवळांचे खांब आणि मखरं केली आहेत, त्यामुळे मी त्यांना उत्तर तोंडी दिलं नाही. सागाची आणि सिटका स्प्रूसची एकाच मापाची पट्टी हातात दिली. सागाचा घनमीटर साडेसहाशे किलोच्या घरात, स्प्रूसचा चारशेच्या आसपास. वजनाच्या मानाने ताकद पाहिली तर स्प्रूसला तोड नाही. मेस्तांनी दोन्ही पट्ट्या वाकवून पाहिल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हें लाकूड आयकता." हे लाकूड ऐकतं.

पंखाच्या कण्यासाठी, म्हणजे स्पारसाठी, लाकूड निवडण्याचे नियम कडक आहेत. एका इंचात वाढीची किमान सहा वर्तुळं हवीत. रेषा पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये. डोळ्यांना ते फसवतं, म्हणून शाईचा थेंब टाकायचा. शाई रेषांच्या वाटेनेच पसरते आणि खरा उतार दाखवते. चौदा पट्ट्यांतल्या पाच अशा बाद केल्या. त्यांची मेस्तांनी मुलांसाठी शिडी केली.

सागवान वाया गेलेलं नाही. सगळे साचे सागाचे आहेत. ते पावसाळ्यात हलत नाहीत.

सातेरी | २६ मे, सकाळी ९:२०

फासळी किती वजन घेते हे कसं कळतं? नुसतं गणितावर विश्वास ठेवून वर जायचं?

मांगरवाला | २६ मे, रात्री ९:१५

गणितावर नाही, वाळूवर. ५०० किलोचं विमान, पंखांचं क्षेत्र सुमारे १६.४ चौरस मीटर, म्हणजे सरळ उडताना दर चौरस मीटरला तीस किलो. फासळ्या ३० सेंटिमीटरवर आहेत आणि पंखाची रुंदी १.२९ मीटर, म्हणजे एकीच्या वाट्याला १२ किलो. जोरात वळताना किंवा वावटळीत हा भार चौपट धरायचा: ४८. त्यावर दीडपट सुरक्षा: ७२ किलो.

मग एक फासळी उलटी करून दोन स्पारांच्या जागी टेकवली आणि एकेक किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवत गेलो. सगळीकडे सारख्या नाही; पंखाच्या पुढच्या भागात उचल जास्त असते, म्हणून तिकडे जास्त. ७२ ला पाच मिनिटं थांबलो. मांगरात आम्ही चार जण होतो, कुणी खोकलंसुद्धा नाही. ९६ ला तुटली. तुटली ती लाकडात, डिंकात नाही, आणि हेच बघायचं होतं. सांधा सुटून डिंक लाकडावर चकचकीत दिसला असता तर सगळं काम पुन्हा.

हंसा_निवृत्त | २७ मे, सकाळी ६:४०

नमस्कार. मी दाबोळीच्या नौदल तळावर अठ्ठावीस वर्षं विमानांच्या दुरुस्तीत काढली. आता वास्कोतच असतो. तीन दिवस धागा वाचतोय, आता लिहितो. काही गोष्टी स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

एक, डिंक. तुम्ही इपॉक्सी वापरला असेल तर रंगाचा विचार आत्ताच करा. एस.ई.५ए चा मूळ रंग पी.सी.१० हा गडद मातकट हिरवा. कापडाला उन्हापासून वाचवायला तो शोधला होता, पण तिकडच्या उन्हात. आपल्या एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गडद पंखाच्या कापडाखाली किती तापेल, हे थर्मामीटर ठेवून बघा. घरगुती इपॉक्सी तापला की मऊ पडतो. रिसॉर्सिनॉल डिंक उष्णतेला टिकतो, पण त्याला सांधे अगदी घट्ट आणि दाब भरपूर लागतो.

दोन, खारी हवा. बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन बाहेर उभी असलेली विमानं नीट बघा. ते १९९८ ला उघडलं. सीहॉक, अलिझे, ते प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी पाऊस आणि समुद्राचा वारा खात उभी आहेत. दर सांध्यापाशी, दर रिव्हेटपाशी काय होतं ते तिथे शिकायला मिळतं. पोलादी नळ्या बंद करण्याआधी आतून जवसाचं गरम तेल फिरवलं का? नसेल तर फिरवा. जादाचं निथळू द्या.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःचं काम स्वतः तपासू नका. आमच्याकडे नियंत्रणाच्या तारांना हात लागला की दोन सह्या लागायच्या, दुसरी ज्याने काम केलं नाही त्याची. विमानाच्या काठीपासून पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पाळीपर्यंत तार उलटी जोडली गेली तर जमिनीवर काहीच कळत नाही, सगळं मोकळं हलतं. काठी डावीकडे, डावी पाळी वर. हे मोठ्याने म्हणत, बोटाने दाखवत तपासायचं.

मांगरवाला | २७ मे, सकाळी ८:३०

काका, राग कसला. देव बरें करूं.

रंगाचं तुमचं बरोबर आहे. मी गेल्या एप्रिलमध्ये गडद रंगाचा कापडी तुकडा चौकटीवर ताणून उन्हात ठेवला होता. हात ठेववत नव्हता. स्पार रिसॉर्सिनॉलने चिकटवले आहेत, फासळ्या इपॉक्सीने. पंखांच्या वरच्या बाजूला मूळपेक्षा फिकट छटा देणार आहे. जाणकार नावं ठेवतील, ठेवोत. आणि विमान उन्हात उभं ठेवायचं नाही.

जवसाचं तेल फिरवलं नव्हतं. शेपटीच्या नळ्या अजून उघड्या आहेत. या आठवड्यात करतो.

दुसऱ्या सहीसाठी माणूस नाही. माझं आणि मेस्तांचं काम एकमेकांत इतकं मिसळलंय की आम्हा दोघांचे डोळे एकच झालेत.

रापणकाराचो_पूत | २७ मे, रात्री ८:००

कापड फासळीला शिवतात म्हणे? नुसतं चिकटवत नाहीत? आमच्या घरात सगळ्यांना जाळं शिवता येतं, म्हणून विचारलं.

मांगरवाला | २७ मे, रात्री ९:५०

अरे, तुझीच वाट बघत होतो!

आधी कापडाचं सांगतो. तेव्हा आयरिश लिननचं कापड असायचं, वर सेल्युलोजचं डोप, म्हणजे वाळल्यावर कापड ताणणारा लेप, लावून ताणायचे. आता पॉलिएस्टर. ते चिकटवायचं, मग इस्त्री फिरवायची, आधी १२० अंशांवर आणि शेवटी १७७ च्या आसपास. ते आकसून घुमटाच्या कातड्यासारखं वाजायला लागतं. त्याहून जास्त तापवलं तर उलट ढिलं पडतं, म्हणून इस्त्रीची खुंटी न बघता थर्मामीटरने तापमान मोजायचं. डोप मात्र पावसाळ्यात लावायचंच नाही. द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरे चट्टे उठतात. तो थर कमकुवत. मी ते काम जानेवारीसाठी ठेवलंय.

आता शिवण. पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापडाला वर ओढते. डिंकावर सोडलं आणि कापड फासळीपासून उचललं गेलं, तर पंखाचा आकारच बदलला. म्हणून लांब सुई पंखाच्या आरपार घालून, मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फासळीला दर काही सेंटिमीटरवर गाठ मारत जायचं. पंख्याच्या झोतात येणाऱ्या फासळ्यांना गाठी आणखी जवळ. आणि त्या गाठीचं नाव विमानाच्या पुस्तकांत काय आहे माहीत आहे? मॉडिफाइड सेन नॉट. सेन म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. रापण! शंभर वर्षांपूर्वी कापड शिवणाऱ्यांनी ती गाठ जाळ्यांवरूनच उचलली असणार. एक सुटली तरी शेजारची धरून ठेवते, म्हणून.

मी ती चित्र बघून शिकलो. माझ्या तीसपैकी चार गाठी सरकतात.

रापणकाराचो_पूत | २७ मे, रात्री १०:१०

आईला चित्र दाखवलं. तिने दोरा घेतला आणि न बघता मारली. म्हणते, गाठ सरकते कारण तू दोरा ओला करत नाहीस आणि शेवटचा ओढा वर देतोस, तो बाजूला द्यायचा. ती विचारतेय किती गाठी आहेत.

मांगरवाला | २७ मे, रात्री १०:४०

चारही पंख आणि शेपूट धरून हजाराच्या वर.

मेणाचा दोरा ओला करता येणार नाही, पण बाजूच्या ओढ्याचं आत्ताच करून पाहिलं. दहापैकी दहा बसल्या. मावशींना माझा नमस्कार सांग. जानेवारीत त्यांना माशेलला आणशील का? त्यांच्या हाताखाली मी शिकतो, आणि मजुरी त्या सांगतील ती.

कृष्णाकाठ | २८ मे, सकाळी ७:३०

उडवणार कुठे? दाबोळी नौदलाची, मोपा आंतरराष्ट्रीय. परवानगीचं काय? कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना २०१७ मध्ये नोंदणी आणि २०१९ मध्ये उडवायचा परवाना मिळाला. किती वर्षं थांबले ते.

मांगरवाला | २८ मे, रात्री ९:३०

त्यांच्याकडूनच धीर घेतलाय. एक गोष्ट त्यांच्यामुळे पहिल्या दिवसापासून करतोय: प्रत्येक फळीचा, प्रत्येक डिंकाच्या डब्याचा, प्रत्येक चाचणीचा कागद. तारीख, तापमान, आर्द्रता, ओल. सात वह्या झाल्या. डीजीसीएच्या, म्हणजे विमानांना परवाना देणाऱ्या सरकारी खात्याच्या, माणसाला बंद पंखात डोकावता येत नाही, त्याला वही दाखवावी लागते.

गोव्यात उडवायला जागा नाही, हे मान्य केलंय. पंख सुटे होतात, एकेक फळा तीन मीटरचा. ट्रकने चोर्ला घाटातून बेळगाव आणि तिथून पुढे देशावर. तिथली हवाही कोरडी.

कृष्णाकाठ | २८ मे, रात्री ९:४५

मग कराडला या. धावपट्टी आहे, आणि विमान जोडायला लागतील तेवढे हात मी आणतो. जोडल्यावर पंख सरळ बसले हे कसं ठरवता?

मांगरवाला | २८ मे, रात्री १०:२०

गवंड्याच्या सामानाने. खरंच. पंखांना वरच्या दिशेने पाच अंशांचा उठाव हवा. तीन मीटरच्या फळ्याला टोकाशी २६ सेंटिमीटर. ते लेव्हलच्या पाण्याच्या नळीने मोजतो. वरचा पंख खालच्याच्या किती पुढे आहे ते ओळंबा सोडून. पंखाच्या आतली चौकट गुण्यात आहे का, ते दोन कर्ण मोजून, दार बसवताना मोजतात तसं. दोन्ही एक मिलिमीटरच्या आत जुळेपर्यंत आतल्या तारा कसायच्या. बाहेरच्या तारांचे दोन गट आहेत. एक गट जमिनीवर पंखाचं वजन पेलतो, दुसरा हवेत पंखाला वर जाऊ देत नाही. एक कसला की दुसरा ढिला होतो. दिवसभरात एक बाजू झाली तर पुष्कळ.

हंसा_निवृत्त | २९ मे, सकाळी ६:१५

दुसऱ्या सहीला माणूस नाही, असं लिहिलंत. रविवारी वास्कोहून पणजी आणि तिथून माशेलची बस धरतो, साडेनऊपर्यंत पोचेन. आरसा, टॉर्च आणि माझी जुनी तपासणीची यादी आणतो. सातही वह्या टेबलावर काढून ठेवा. मेस्तांनाही थांबायला सांगा, पण तपासताना दोघांनी बाहेर बसायचं. मी बोलावेपर्यंत एकाही पंखावर कापड चढवू नका.